रापलेले दगड

ऑक्टोबर लागला की आमच्या डोंबिवलीत दोन माणसं भेटली तर आधी उन्हाला शिव्या घालतात आणि मग कामाचं बोलतात. मी शिव्या घालत नाही. मला हे ऊन आवडतं, आणि तसं सांगायला मी कुणाला घाबरत नाही. चार महिने गच्च बसलेलं आभाळ एकदाचं उघडतं. भिंतींनी धरून ठेवलेली ओल सुटते आणि घरभर जुन्या चुन्याचा, किंचित कुबट, किंचित गोडसर वास फिरतो. सकाळी गॅलरीत टाकलेली चादर जेवणाआधी पापडासारखी कडक होऊन हातात येते. शेजारच्या काकू गाद्या उलटसुलट करत, पदरानं मान पुसत म्हणतात, यंदा फारच तापलंय गं. हे त्या दर वर्षी म्हणतात. मी म्हणते, काकू, तापलंय म्हणून तर गाद्या वाळतायत. मग त्या संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलत नाहीत.

पुस्तकात या दिवसांना शरद म्हणतात आणि चांदण्याचं कौतुक करतात. दुपारबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. खरा महिना दुपारीच असतो. शीळफाट्याच्या पुढे अजून जी थोडी भातशेती उरली आहे ती याच दिवसांत पिवळी पडते, आणि रस्त्याकडेच्या झाडांवरची पावसानं धुतलेली पानं आठवडाभरात पुन्हा धुळीनं माखतात. एकीकडे सगळं स्वच्छ झालेलं आणि दुसरीकडे सगळं मळायला लागलेलं, असा हा काळ.

यंदा नवरात्रात कल्याणच्या आमच्या कॉलेजात माझ्या विद्यार्थ्यांनी विचारलं, मॅडम, खंडेनवमीला मशीनची पूजा करायची ना? मी लगेच उत्तर दिलं नाही. मी लगेच उत्तर न देणं ही आमच्याकडे बातमी असते, त्यामुळे सगळे माना वर करून बघायला लागले. मग सांगितलं, करा. हळद-कुंकू दाराच्या चौकटीला लावा, यंत्राला नुसतं झेंडूचं फूल. कुणीतरी मागून पुटपुटलं की मॅडम फुल स्ट्रिक्ट आहेत यार. असू दे. कारण सांगायला बसले असते तर सगळा तास गेला असता आणि माझा आवाजही जरा हलला असता. म्हणून ते इथे सांगते.

मी दगडांचा रंग मोजते. पृथ्वीवरच्या नाही, लघुग्रहांच्या. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात, आणि काही थोडे आपल्या जवळपासही, हे दगड सूर्याभोवती फिरत असतात. काही डोंगराएवढे, काही जिल्ह्याएवढे. तिथे पाऊस नाही, वारा नाही, हवाच नाही. त्यामुळे शाळेत शिकलेल्या हिशेबानं तिथला दगड जसाच्या तसा राहायला हवा. राहत नाही. सूर्यावरून सतत कणांचा मारा येत असतो, आणि धुळीहून बारीक खडे भयंकर वेगानं येऊन आपटत असतात. प्रत्येक टोल्यासरशी दगडाचा एवढासा भाग वितळतो, त्याची वाफ होते आणि ती पुन्हा शेजारच्या कणांवर बसते. त्या वाफेतलं लोखंड सुटं होऊन अतिसूक्ष्म ठिपक्यांच्या रूपात वर चिकटतं. लाखो वर्षांत दगडाचा रंग गडद होतो, तांबूस होतो. मराठीत याला फार चांगला शब्द आहे. उन्हात राबणाऱ्या माणसाच्या हातांबद्दल आपण जो वापरतो तोच. दगड रापतो.

या रापण्यानं शास्त्रज्ञांना बरीच वर्षं चकवलं होतं. आकाशातून पृथ्वीवर पडणारे बहुतेक अशनी एका जातीचे, आणि दुर्बिणीतून बघावं तर त्या रंगाचा लघुग्रह म्हणून सापडत नाही. पोरं गावभर आणि त्यांचे आईबाप कुठेच नाहीत, असा प्रकार. शेवटी एक यान एका छोट्या लघुग्रहावर उतरलं, चिमूटभर धूळ घेऊन परत आलं, आणि ती धूळ त्याच जातीची निघाली. फक्त प्रत्येक कणावर रापलेलं एक कातडं होतं, कल्पनेतही धरता येणार नाही इतकं पातळ. आत सगळं मूळचं.

मला हे सगळं दामलेबाईंनी शिकवलं. मी ठाण्याच्या एका कॉलेजात त्यांच्या हाताखाली पीएचडी करत होते तेव्हाची गोष्ट. बाई बुटक्या, आवाज मात्र खणखणीत, आणि कॉटनच्या साडीचा पदर कायम कमरेला खोचलेला. सकाळी सगळ्यांच्या आधी प्रयोगशाळेत येऊन त्या आधी खिडकी उघडत आणि मग आम्हाला झापायला सुरुवात करत. मोठ्या संस्थांमधल्या लोकांना त्यांचं थोडं हसू यायचं. शहराच्या कडेच्या कॉलेजात, जुन्या लेसरवर, लघुग्रहांचं काम करणारी बाई. परिषदांमध्ये चहाच्या वेळी लोक त्यांच्याशी मुलांच्या ॲडमिशनबद्दल बोलायचे. बाईंना ते कळत होतं. त्या म्हणायच्या की बोलू देत, आपल्याला पूड दळायची आहे.

पहिल्याच ऑक्टोबरात त्या मला शीळफाट्याजवळच्या दगडखाणीवर घेऊन गेल्या होत्या. टळटळीत ऊन. खडी फोडणाऱ्या क्रशरची धूळ दातांत कचकचत होती. बाईंनी एक काळपट-तांबडा धोंडा निवडला आणि माझ्या हातात हातोडा दिला. मी दोनदा हलकेच मारलं तेव्हा म्हणाल्या, तो काय झोपलाय का, जोरात मार. तिसऱ्या घावाला धोंडा दुभंगला आणि आतून निळसर काळा, लखलखीत कोरा दगड निघाला. कडेनं बोटभर तांबडी साल. इथे पाणी आणि हवा साल चढवतात, तिथे ऊन आणि खडे चढवतात, एवढंच त्या म्हणाल्या आणि रुमाल ओला करून डोक्यावर घेतला. मी उरलेली दुपार दगड फोडत बसले. त्या दिवशी मला कळलं की मी आयुष्यभर हेच करणार आहे.

प्रयोगशाळेत आम्ही लाखो वर्षांचं काम घाईनं उरकत होतो. ऑलिव्हिन नावाचं हिरवट खनिज दळून त्याची पूड करायची, ती निर्वात पेटीत ठेवायची आणि तिच्यावर लेसरचे टोले द्यायचे. पिस्त्याच्या रंगाची पूड बघता बघता करपट व्हायची. मग तिचा रंग स्पेक्ट्रोमीटरवर मोजायचा. मोजण्यात एक गोम असते. यंत्राला आधी पांढरं म्हणजे काय ते दाखवावं लागतं. त्यासाठी आमच्याकडे एक पांढरी चकती होती, तळहातात मावेल एवढी. आधी चकती मोजायची, मग पूड, आणि चकतीच्या मानानं पूड किती उजेड परत देते तो तिचा रंग. म्हणून चकतीला बोट लावायचं नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम होता. तो घालून देणाऱ्या बाईच.

बाईंच्या डोक्यात एक कल्पना कित्येक वर्षं होती. रापलेला लघुग्रह फिरत फिरत सूर्याच्या फार जवळून गेला तर तापेल. तापला की त्या लोखंडी ठिपक्यांची मांडणी बदलेल आणि त्याचा तांबूसपणा उतरेल. म्हणजे रापलेला दगड सूर्याजवळ जाऊन पुन्हा निवळेल. कल्पना त्यांची स्वतःची होती, कुणाची उसनी नव्हती. ती खरी की खोटी हे बघायला लागणारी भट्टी त्यांना मिळाली तेव्हा निवृत्ती दाराशी आली होती. ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी त्या घरी जाणार होत्या. त्या महिन्यात जमलं तर जमलं, नाहीतर ती कल्पना त्यांच्याबरोबरच घरी जाणार, हे आम्हा दोघींना पक्कं माहीत होतं. आम्ही त्याबद्दल बोलत नव्हतो. भट्टी लावत होतो.

आणि मध्ये दसरा आला.

बाई देवळात जात नसत. पण खंडेनवमीला प्रयोगशाळेतल्या यंत्रांची पूजा त्या स्वतः करत, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. त्यांचं म्हणणं सरळ होतं. वर्षभर ही बिचारी मुकाट राबतात, एक दिवस तरी त्यांना कुणी पुसावं. कोऱ्या फडक्यानं त्या एकेक यंत्र पुसत, हळदीकुंकवाचं बोट टेकवत, वर झेंडू ठेवत. ते वर्ष शेवटचं, म्हणून त्यांनी सगळं सावकाश केलं. लेसर, पंप, भट्टी, वजनाचा काटा, शेवटी चकतीची डबी. मी पेढे वाटत होते. खोलीभर झेंडूचा उग्र वास आणि उघड्या खिडकीतून आत येणारं ऊन. बाई डबी हातात घेऊन बराच वेळ उभ्या होत्या एवढं मला आठवतं.

दसऱ्यानंतर आम्ही तापवलेली पूड मोजली. पडद्यावर रेघ उमटली आणि मी खुर्चीतून उठलेच. न तापवलेल्या रापलेल्या पुडीची रेघ दसऱ्याआधीच काढून ठेवलेली होती. नवी रेघ निळ्या टोकाला तिच्यापेक्षा चांगली वर गेली होती. तांबूसपणा उतरला होता. दुसरी पूड मोजली, तेच. तिसरी, तेच. बाई बाहेर गेल्या, तोंड धुऊन आल्या, आणि मला म्हणाल्या की परत मोज. मी परत मोजलं. मग त्यांनी पर्समधून पैसे काढून सगळ्या विभागाला चहा आणि वडापाव सांगितला. इतकी वर्षं ओळखत होते, पण बाईंना गुणगुणताना मी त्याच आठवड्यात पहिल्यांदा ऐकलं.

कॉलेजभर बातमी गेली. प्राचार्यांनी निरोप समारंभाचा फलक मोठा करायला सांगितला आणि त्यावर 'लघुग्रह-संशोधक' असं घालायला लावलं. जे लोक चहाच्या वेळी ॲडमिशनबद्दल बोलायचे त्यांच्यातल्या एकानं फोन करून बाईंचं अभिनंदन केलं. दिवाळीच्या सुट्टीआधी एका परिषदेला शोधनिबंध पाठवायचा होता, तो आम्ही लिहायला घेतला.

परवाच मी बाईंकडे गेले होते. बाळकुमला एका मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये त्या राहतात. तिथे पूर्वी शेत होतं आणि पावसात बेडकं ओरडायची, हे त्या आल्यागेल्याला सांगतात. आता गॅलरीतून खाडीचा एक तुकडा दिसतो आणि माजिवड्याकडची धूळ येते. बाई दिवसातून दोनदा गॅलरीचा कठडा पुसतात आणि दोनदा वैतागतात. केस पांढरे झालेत, हात रापलेत, आवाज आहे तसाच आहे. मी टेकायच्या आत विचारतात, काय म्हणतायत आपले दगड? मी सांगते की कोळशासारख्या काळ्या लघुग्रहांवरचीही धूळ आता आली आहे. ते आपल्या ऑलिव्हिनसारखे सरळ वागत नाहीत. त्यांच्यातल्या काहींचा रंग रापल्यावर उलट निळसर बाजूला सरकतो असं दिसतंय, जो तो आपल्या घडणीप्रमाणे. बाईंना हे फार आवडलं. एकाच उन्हात बसून सगळी माणसं तरी कुठे एकसारखी काळी होतात, असं म्हणून त्या चहा टाकायला उठल्या. मी त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. या बाईंनी मला जे दिलंय ते मी कुणाला देऊ शकेन का, असं मला त्यांच्या घरी दर वेळी वाटतं.

तर तो ऑक्टोबर. निबंधातली आकृती नीट दिसावी म्हणून मी म्हटलं, न तापवलेल्या पुडीची रेघ एकदा नव्यानं काढू. जुनी जरा ओबडधोबड होती. बाई स्टाफरूममध्ये होत्या. मी ती पूड ठेवली, बटण दाबलं, आणि रेघ वर गेली. निळ्या टोकाला, तापवलेल्या पुडीइतकीच. जिला भट्टीचं तोंडही दाखवलेलं नव्हतं ती पूडही निवळली होती.

पूड बदलली नव्हती, म्हणजे पांढरं बदललं होतं. मी डबी उघडून चकती ट्यूबलाइटखाली धरली, पण डोळ्यांना काही दिसेना. मग ती घेऊन खनिजांच्या कोठीत गेले. तिथे जंबुपार, म्हणजे अल्ट्राव्हायोलेट किरणांचा एक दिवा होता, काही खनिजं त्याखाली चमकतात म्हणून ठेवलेला. दार लावून घेतलं आणि दिवा लावला. अंधारात चकतीच्या कडेपासून मध्यापर्यंत एक अंगठा उमटलेला होता, हिरवट-पिवळा, एकेक रेषा दिसावी इतका स्वच्छ. हळद या दिव्याखाली अशी चमकते. हळद निळा उजेड खाते. यंत्र त्या पिवळ्या पडलेल्या चकतीलाच पांढरं समजत होतं, आणि मग समोर ठेवाल ती पूड आहे त्याहून निळी दिसत होती. शेवटच्या खंडेनवमीला बाईंनी डबी उघडून चकती ठीक आहे ना ते बघितलं होतं. काळजीपोटी.

इथे मी खूप विचार केला असं लिहिलं तर बरं दिसेल. पण मी विचार केला नाही. माझा स्वभावच तसा नाही. मला रडू मात्र येत होतं आणि राग येत होता, हळदीचा, दसऱ्याचा, त्या फोन करणाऱ्या माणसाचा, सगळ्यांचा. मी स्टाफरूमच्या दारात जाऊन म्हटलं, बाई, जरा कोठीत येता? तिथे त्या वेळी फलकावरच्या फोटोवरून चर्चा चालू होती. बाई हसतच उठल्या.

कोठीत मी दार लावून घेतलं आणि दिवा लावला. बाईंनी बघितलं. मग आपला उजवा अंगठा त्या खुणेच्या शेजारी धरला, टेकवला नाही, नुसता धरला.

"माझाच आहे," त्या म्हणाल्या.

मग म्हणाल्या, "कुणाला सांगितलंस?"

मी म्हटलं, कुणालाच नाही. आणि पुढचं वाक्य काय येणार याची मला भीती वाटली. कारण त्या जर म्हणाल्या असत्या की नको सांगूस, तर मी काय केलं असतं हे मला आजही ठाऊक नाही.

"मग सांगू नकोस," बाई म्हणाल्या. "मी सांगते."

त्या चकतीचं एक बरं असतं. तिचा वरचा थर मळला तर बारीक पॉलिशपेपरनं, वाहत्या पाण्याखाली, तो घासून काढायचा. खाली ती तशीच कोरी असते. बाईंनी पदर खोचला आणि बेसिनवर स्वतः घासायला घेतली. मी देते म्हटलं तर कोपरानं बाजूला केलं. खिडकीतून तेच ऊन, तोच महिना, कालपर्यंत ज्यात आम्ही वडापाव खाल्ले होते. चकती वाळल्यावर दिव्याखाली धरली. काही चमकलं नाही. मग आम्ही सगळ्या पुडी पहिल्यापासून मोजल्या. मोजायला उरलेले सगळे दिवस लागले. तापवलेल्या पुडीची रेघ न तापवलेल्या पुडीच्या रेघेवर जाऊन बसली, पुन्हा पुन्हा, मधे केसाएवढी फट नाही. आमची पूड, आमची भट्टी, तिथे काहीही झालेलं नव्हतं. रापलेलं रापलेलंच राहिलं होतं.

"वाईट वाटतंय गं," बाई पडद्याकडे बघत म्हणाल्या. "फार वाईट वाटतंय." मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तोवर मी त्यांना कधी स्पर्शही केला नव्हता. त्यांनी हात बाजूला केला नाही.

समारंभात प्राचार्यांनी शोधाबद्दल जोरात भाषण केलं, त्यांना कुणी अडवलं नव्हतं. बाई उठल्या, माइक आपल्या उंचीला वाकवला आणि सांगितलं की शोध लागलेला नाही, मापनात चूक होती आणि ती स्वतः त्यांच्याच हातून झाली. कशी झाली तेही सांगितलं, हळदीसकट. सभागृहात कुणीतरी हसलं. बाई थांबल्या, त्याचं हसून होऊ दिलं आणि पुढे बोलू लागल्या. मला त्या क्षणी त्यांचा इतका अभिमान वाटला की टाळ्या कुठे वाजवायच्या तेही कळेना.

नारळ, शाल, फुलं, फोटो, सगळं उरकल्यावर आम्ही प्रयोगशाळेत आलो. निबंध संगणकावर तसाच उघडा होता. मी म्हटलं, आपण तो पाठवायला नको, तसंही आता त्यात काय आहे. बाई म्हणाल्या, का नको? तापवून रंग उतरला नाही, हे तरी पुढच्या माणसाला कळू दे. त्याचं एक वर्ष वाचेल. चकतीचंही लिही, सगळं लिही. मी खुर्चीत बसून लिहायला लागले. शीर्षक बदललं, आकृती बदलल्या, शेवट बदलला. बाई मागे उभ्या राहून वाचत होत्या, हातातल्या शालीची घडी अजून मोडलेली नव्हती.

शीर्षकाखाली दोन नावं होती. पहिलं माझं, दुसरं त्यांचं. हा क्रम त्यांनीच लावला होता, रेघ वर गेली त्याच दिवशी, आणि मी भांडले तरी ऐकलं नव्हतं. आता त्यांनी माझ्या खांद्यावरून हात पुढे केला, एका बोटानं कळा शोधत स्वतःचं नाव खालून पुसलं आणि वर, माझ्या नावाच्या आधी टाइप केलं.

मी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं.

"बरोबर निघालं असतं तर तुझं होतं," बाई म्हणाल्या. "हे माझं आहे."